हातचे

उत्स्योकीच्या लाकडी कार्यालयात
वुओक्को सकाळी सातला कॉफी ओतून घेते
आणि सर्व्हर सांगतो, जागा नाही.

जागा तर दिसतेय. अर्धी डिस्क मोकळी.
फक्त नावं लिहायच्या ओळी संपल्यात.
कोठार रिकामं आणि पावतीपुस्तक भरलेलं,
असा प्रकार.

अकरा उन्हाळे नदीच्या तळाशी कॅमेरा आहे.
काही हललं की एक चित्र.
सॅमन हलला, चित्र.
शेवाळ हललं, चित्र.
नुसतं ऊन हललं तरी चित्र.
मासे केव्हाच मोजून झाले, आकडे हेलसिंकीला गेले.
इथे उरलंय ते पाणी.
एकेचाळीस लाख वेळा पाणी.

ती लिहिते, पुसून टाक, आणि पुढे एक चांदणी,
चांदणी म्हणजे सगळं.
यंत्र म्हणतं, यादी फार लांब आहे.

खरंच होतं ते. एका दमात एवढी नावं
कोण घेणार?
नुसती बघू म्हटलं तर पडदा गोठला.
यंत्र आत बसून अक्षरांच्या क्रमाने
जाणाऱ्यांची रांग सरळ करत होतं.

रोव्हानिएमीहून पासी फोनवर म्हणाला,
एक रिकामा फोल्डर बनव
आणि भरलेल्याला सांग, याच्यासारखा हो.
एवढंच?
एवढंच. रात्रभर चालेल.
खात्री आहे का, असं ते विचारणार नाही.
ते तू विचार.

तिने बनवला. नाव दिलं, रिकामा.
बोट एंटरवर ठेवलं
आणि तिला ऊला आठवला.

दर मंगळवारी, म्हणजे बहुधा बुधवारी,
छातीपर्यंतचे बूट चढवून तो पाण्यात उतरायचा,
काचेवरचं शेवाळ तळहाताने पुसायचा.
फडकं दिलं होतं कार्यालयाने.
फडक्याने तो गाडी पुसायचा.
मागच्या हिवाळ्यात गेला.
लग्नातले, रेनडिअरच्या कळपातले फोटो घरच्यांकडे आहेत.
हे असले कोणाकडेच नाहीत.

आता एकेचाळीस लाखांत तो शोधायचा कसा?

तर, अंधाराला जागा कमी लागते.
खडे, लाटा, उन्हाची जाळी, यांनी फाइल फुगते.
काच झाकणारा तळहात
सगळ्यात हलका.
तिने लिहिलं, तीस केबीच्या आतले तेवढे बाजूला काढ.
जूनमध्ये इथे रात्र होत नाही,
म्हणून जूनमधला अंधार म्हणजे हात.
जुलैमधलाही.
ऑगस्ट सरताना मात्र रात्री परत येतात
आणि पाण्याखालची रात्र अन् माणसाचा हात
वजनाला सारखेच भरतात.

तिने काही उघडून पाहिले.
एकात रेषा, अंगठ्याजवळचा जुना व्रण, सुरीचा.
एकात करंगळी तेवढी.
मग काळं. काळं.
मग काळं, पण कडेला किंचित लालसर,
बोटांच्या फटीतून आलेलं ऊन असेल
किंवा तिचे डोळे दमले असतील.

सहा हजार दोनशे बारा.
निवडत बसली नाही. रात्री आणि हात
एकाच फोल्डरमध्ये ठेवले.

बेरीज करताना आपण जो आकडा
वर बारीक लिहून ठेवतो, त्याला आपण हातचा म्हणतो.
त्यांच्याकडे शाळेत त्याला मुइस्तिनुमेरो म्हणतात,
आठवणीचा आकडा.
फोल्डरला तिने तेच नाव दिलं
आणि एंटर दाबलं.

यंत्र काही बोललं नाही.
काम नीट चाललं असलं की ते बोलत नाही.
कॉफी कधीच गार झाली होती, ती तिने प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर
कर्सर तेवढा लुकलुकत होता,
आणि नदीतून पहिलं नवीन चित्र आलं होतं.
हिरवट, धूसर.
काच कोणी पुसलेली नाही.